स्वप्नातील सूर आणि जागेपणीची पारख

नाताळ जवळ येऊ लागला की धर्मग्रामाच्या गायकवृंदाकडे नवी गीते येऊ लागतात. कोणी शब्द आणतो, कोणी चाल आणतो, कोणी दोन्ही आणतो. सरावाच्या खोलीत त्यांवर मोकळेपणाने चर्चा होते. परंतु एखाद्या वर्षी कोणी तरी हलक्या आवाजात सांगतो, ‘ही चाल मला स्वप्नात ऐकू आली,’ आणि खोलीतील वातावरण पालटते. चाल कोठे अडखळते, शब्दावर आघात कोठे चुकीचा पडतो, हे बोलू पाहणारा मनुष्य ओठांवर आलेले शब्द गिळतो. देणगी वरून आली असेल तर तिच्यात उणे काढणारे आपण कोण, असे त्याला वाटते. आम्हीही अशा वेळी गप्प बसलो आहोत. किंबहुना एकदा ते वाक्य उच्चारणारे आम्हीच होतो. ती हकिगत ओघात येईल.

स्वप्नात ऐकलेले संगीत जागे झाल्यावर आठवते काय, आठवले तर ते कितपत खरे असते, आणि त्याच्या मोलाशी त्या स्वप्नाचा संबंध किती, हे प्रश्न केवळ कुतूहलाचे नाहीत. उपासनेत आपण काय गावे आणि ते कोणत्या कसोटीवर स्वीकारावे, याच्याशी ते निगडित आहेत. म्हणून संगीताच्या व ख्रिस्तसभेच्या इतिहासातील काही प्रसिद्ध उदाहरणे तपासून पाहण्याचे आम्ही योजिले आहे.

आरंभ अर्थातच जुझेप्पे तार्तिनीपासून करावा लागेल. आपल्या घराघरांत ज्यांची तसबीर असते त्या संत अंतोनींच्या पादुआ येथील महामंदिराशी या व्हायोलिनवादकाचे नाव कायमचे जोडलेले आहे. १६९२ मध्ये पिरानो येथे त्याचा जन्म झाला. हे गाव आज स्लोव्हेनियात मोडते. मुलाने फ्रान्सिस्कन व्हावे अशी घरच्यांची इच्छा होती. पण त्याने पादुआस कायद्याचा अभ्यास आरंभिला आणि १७१० मध्ये एलिझाबेत्ता प्रेमाझोरे हिच्याशी विवाह केला. त्या विवाहामुळे धर्माधिकाऱ्यांचा रोष ओढवून त्याला शहर सोडावे लागले, व असिसीच्या फ्रान्सिस्कन मठात त्याने आसरा घेतला, असे चरित्रकार सांगतात. पुढे १७२१ मध्ये तो पादुआच्या त्याच महामंदिरात प्रमुख वादक म्हणून रुजू झाला. १७७० मध्ये पादुआतच त्याने देह ठेवला.

त्याच्या स्वप्नाची कथा जगाला कळली ती लालांद या फ्रेंच खगोलशास्त्रज्ञाने इटलीच्या प्रवासावर लिहिलेल्या व १७६९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथातून. कथा अशी की, १७१३ मधील एका रात्री तार्तिनीला स्वप्न पडले. त्याने सैतानाशी करार केला होता आणि सैतान त्याची प्रत्येक इच्छा पुरवीत होता. तार्तिनीने गंमत म्हणून आपले व्हायोलिन त्याच्या हाती दिले. सैतानाने असा काही सोनाटा वाजविला की ऐकणाऱ्याचा श्वास कोंडला आणि तो जागा झाला. उठताक्षणी त्याने व्हायोलिन उचलले. परंतु ऐकलेले हाती लागेना. त्या प्रयत्नातून जे लिहिले गेले ते आपल्या सर्व रचनांत उत्तम आहे, तरी ऐकलेल्या संगीताच्या मानाने ते इतके उणे आहे की, दुसऱ्या कशावर जगता आले असते तर आपण व्हायोलिन मोडून टाकले असते, अशी कबुली त्याने दिली. ‘सैतानाचा ट्रिल’ या नावाने ओळखला जाणारा जी मायनरमधील सोनाटा तो हाच.

ही कथा इतकी रंगतदार आहे की सोनाटा ऐकण्यापूर्वीच ती आपल्या कानांत जाऊन बसते. म्हणून आम्ही तिला क्षणभर बाजूला सारून रचना पुन्हा पुन्हा ऐकली. पहिला भाग संथ, हेलकावणारा आहे. त्यात भय नसून व्याकुळता आहे. कोणी विलाप करीत आहे, परंतु तोल सुटू न देता, असे वाटते. दुसरा भाग जलद आणि ठाशीव आहे. अखेरच्या भागात संथ आणि वेगवान खंड आळीपाळीने येतात आणि तेथे तो प्रसिद्ध ट्रिल येतो. ट्रिल म्हणजे शेजारच्या दोन स्वरांचे अतिजलद आंदोलन. येथे एका तारेवर हे आंदोलन अखंड चालू ठेवून त्याच हाताच्या उरलेल्या बोटांनी दुसऱ्या तारेवर निराळे सूर चालवावे लागतात. गज एकच, हात एकच, पण ऐकणाऱ्याला वाटते वादक दोन आहेत.

यात सैतानी म्हणावे असे आम्हांला काही आढळले नाही. आढळली ती वर्षानुवर्षांची बोटांची तपश्चर्या. अशी जागा मध्यरात्री उठून कोणी लिहीत नाही. ती रियाजाने वाहती केलेल्या हाताचीच असते. संगीताच्या अनेक अभ्यासकांचे मतही याला पोषक आहे. शैलीवरून हा सोनाटा १७१३ चा नसून १७४० च्या दशकातील किंवा त्यानंतरचा असावा, असे ते मानतात. छापला तर तो तार्तिनीच्या मृत्यूनंतर, १७९८ मध्ये, पॅरिसच्या कार्तिए याच्या संग्रहात गेला. म्हणजे स्वप्न आणि रचना यांच्यामध्ये एक रात्र नव्हे, तर बहुधा कित्येक वर्षे आहेत. कथा खोटी ठरली असे आम्ही म्हणत नाही. एका रात्री ऐकलेल्या आणि निसटलेल्या सुराचा पाठलाग मनुष्य अर्धे आयुष्य करू शकतो. आमचे म्हणणे एवढेच की सोनाट्याची थोरवी त्या पाठलागात आहे. आणि सैतान? ख्रिस्ती परंपरेत तो निर्माता नाही. तार्तिनीच्या स्वप्नातही व्हायोलिन तार्तिनीचेच होते, हे विसरू नये.

संगीत निसटते का, याचे उत्तर आज काही अंशी देता येते. १९५३ मध्ये शिकागोच्या असेरिन्स्की आणि क्लाइटमन यांनी झोपेतील एक विशेष अवस्था नोंदविली. तीत मिटल्या पापण्यांखाली डोळे भराभर हलतात आणि याच अवस्थेत ठसठशीत स्वप्ने पडतात. आठवण पक्की होण्यास साहाय्य करणारे नॉरअॅड्रेनॅलिन हे द्रव्य त्या वेळी मेंदूत अत्यल्प असते. त्यामुळे स्वप्न दिसते खरे, पण त्याची नोंद राहत नाही. त्याच क्षणी जाग आली आणि त्यावर लगेच मन एकाग्र केले तरच काही हाती लागते. २००६ मध्ये इटलीतील संशोधकांनी ३५ व्यावसायिक संगीतकार आणि ३० इतर माणसे यांच्याकडून ३० दिवस रोज सकाळी स्वप्नांची नोंद करून घेतली. संगीतकारांना संगीताची स्वप्ने इतरांच्या दुपटीहून अधिक पडत होती. त्याचा संबंध दिवसभरात किती वाजविले याच्याशी नव्हता. कितव्या वर्षी संगीत शिकायला आरंभ केला याच्याशी होता. आणि आठवलेल्या संगीतापैकी जवळजवळ निम्मे नेहमीच्या परिचयाचे नव्हते. स्वप्नात नवे संगीत घडू शकते, पण जेथे बालपणीच बी पडले आहे तेथे अधिक, असा याचा अर्थ आम्ही घेतो.

त्यात आमच्या अनुभवाची एक भर घालतो. स्वप्नात पुष्कळदा सुराआधी सौंदर्याचा प्रत्यय येतो. ‘काय अपूर्व गीत हे!’ असे मन म्हणते, परंतु गीत अजून आलेलेच नसते. जागे झाल्यावर आपण जे हरवले म्हणून हळहळतो त्यातील किती संगीत होते आणि किती केवळ हळवेपण, हे सांगणे कठीण. तार्तिनीच्या खंतीबद्दल आम्हांला आदर आहे. तरी तो हरवलेला सोनाटा लिहिलेल्या सोनाट्याहून श्रेष्ठ होता, हे आम्ही त्याच्या साक्षीवरून मान्य करणार नाही.

सर्वच जण पाठलाग करीत नाहीत. फ्रेंच संगीतकार बर्लिओझ याने आपल्या आत्मचरित्रात एक हकिगत लिहून ठेविली आहे. एका रात्री त्याला स्वप्नात सिंफनी ऐकू आली. सकाळी पहिला भाग जवळजवळ सबंध आठवत होता. ए मायनर, दोन मात्रांचा ठेका. तो लिहावयास बसणार तोच त्याच्या मनात हिशेब सुरू झाला. पत्नी आजारी, औषधपाण्याचा खर्च, मुलगा शिकत असलेला. सिंफनी लिहावयाची तर महिनोन्‌महिने वृत्तपत्री लेखन बंद पडणार आणि घरात पैसा येणार नाही. पुढे नकला करविण्याचा आणि वादनाचा खर्च निराळाच. त्याने लेखणी ठेवून दिली. दुसऱ्या रात्री सिंफनी पुन्हा आली. त्याने पुन्हा मन आवरले. त्यानंतर जाग आली तेव्हा सारे पुसले गेले होते, कायमचे. त्याची पत्नी हॅरिएट १८५४ मध्ये वारली.

या प्रसंगावर टीकाकारांनी हळहळ व्यक्त केली आहे. आम्हांला मात्र ही हकिगत वाचताना आपल्या धर्मग्रामातील अनेक घरे आठवतात. आजारी माणसाच्या उशाशी बसण्यासाठी ज्यांनी व्हायोलिन, लेखणी किंवा शिक्षण खाली ठेविले, त्यांची नावे संगीताच्या इतिहासात येत नाहीत. बर्लिओझचे आले, कारण त्याने नकारही उत्तम गद्यात लिहिला. न लिहिलेली सिंफनी थोर होती की नव्हती, हे कोणालाच ठाऊक नाही. घेतलेला निर्णय मात्र आपल्यासमोर आहे. कलेच्या देणगीला नाही म्हणण्याचाही प्रसंग मनुष्यावर येतो आणि तसे म्हणणारा देणगीचा अवमान करतोच असे नाही.

याच्या अगदी उलट उदाहरण रॉबर्ट शूमानचे. १८५४ च्या फेब्रुवारीत, १७ तारखेच्या रात्री, तो अंथरुणातून उठला आणि देवदूतांनी सांगितलेली म्हणून एक चाल त्याने लिहून घेतली. वस्तुतः ती चाल त्याच्याच व्हायोलिन कन्चेर्तोच्या संथ भागाशी मिळतीजुळती आहे. तो कन्चेर्तो त्याने काही महिन्यांपूर्वी, १८५३ च्या शरदात लिहिला होता. आपले अपत्य त्याने ओळखले नाही. दहा दिवसांनी त्याने ऱ्हाइन नदीत उडी घेतली. लोकांनी त्याला वाचविले; परंतु उरलेली दोन वर्षे मनोरुग्णालयात काढून १८५६ मध्ये तो निवर्तला. त्या चालीवर त्याने रचलेले पियानोवादन आम्ही ऐकले आहे. ते शांत आहे आणि मनाला चटका लावते. तथापि एका आजारी माणसाच्या यातनांना दिव्य प्रेरणेचे गोंडस नाव देणे आम्हांला निष्ठुरपणाचे वाटते. त्याला त्या रात्री टीकाकाराची नव्हे, वैद्याची आणि सोबतीची गरज होती.

शूमानला जे उमगले नाही, तीच शंका शंभर वर्षांनंतर एका तरुणाला सतावीत होती. १९६० च्या दशकाच्या पूर्वार्धात लंडनच्या विम्पोल स्ट्रीटवरील एका घरात पॉल मॅकार्टनी सकाळी उठला तो पूर्ण चाल डोक्यात घेऊनच. पियानो जवळच होता. त्याने सूर जुळवून पाहिले. ते जागच्या जागी बसले. इतक्या सहजपणे आलेली चाल आपली असणे शक्य नाही, वडिलांच्या तोंडून ऐकलेले एखादे जुने जाझ गीत असावे, असे त्याला वाटले. म्हणून कित्येक आठवडे तो भेटेल त्याला चाल ऐकवून विचारीत राहिला, ‘ही कोणाची, सांगाल का?’ कोणीच मालक निघाला नाही. तोवर अंड्यांच्या न्याहारीवरचे काही तरी निरर्थक शब्द त्याने त्यावर बसवून ठेविले होते. खरे शब्द पुढे आले आणि १९६५ मध्ये ‘येस्टरडे’ ध्वनिमुद्रित झाले. गीत आवडो वा न आवडो, ही विचारपूस आम्हांला फार मोलाची वाटते. चाल स्वप्नात आली म्हणून ती निर्विवाद आपली, असे त्याने गृहीत धरले नाही.

आपल्या ख्रिस्तसभेच्या परंपरेत तर या विचारपुशीचे उदाहरण तेराशे वर्षांहून जुने आहे. संत बीड यांनी ७३१ मध्ये पूर्ण केलेल्या इंग्लंडच्या धर्मेतिहासात कॅडमन या गोपालकाची कथा येते. मेजवानीत वाद्य हातोहात फिरू लागले की याला गाता येत नसल्याने तो उठून जाई. अशाच एका रात्री तो गोठ्यात निजला असता स्वप्नात कोणी तरी त्याला नावाने हाक मारून गावयास सांगितले. ‘मला येत नाही,’ तो म्हणाला. ‘तरी गा, सृष्टीच्या आरंभाविषयी गा.’ आणि तो गाऊ लागला. जागा झाल्यावर त्याला सारे आठवत होते; त्यात त्याने आणखी भरही घातली.

यापुढचा भाग सहसा सांगितला जात नाही. सकाळी तो आपल्या कारभाऱ्याकडे गेला. कारभाऱ्याने त्याला मठाच्या प्रमुख संत हिल्डा यांच्यापुढे उभे केले. त्यांनी विद्वानांना बोलाविले, स्वप्न ऐकले, गीत ऐकले. सर्वांना ती ईश्वरी कृपा वाटली, तरीही तेवढ्यावर न थांबता त्यांनी त्याला पवित्र इतिहासातील एक उतारा समजावून दिला आणि जमल्यास यावर पद्य रचून आण, असे सांगितले. ही परीक्षा जागेपणीची होती. दुसऱ्या दिवशी सकाळी तो उत्तम पद्य घेऊन आला. मगच त्याला मठात घेतले. पुढे तो जे शिके ते मनात घोळवून, शुद्ध प्राण्याने रवंथ करावे तसे, मधुर गीतात उतरवी, असे बीड लिहितात. गोपालकाला याहून शोभणारी उपमा कोणती! त्याच्या त्या पहिल्या गीताच्या नऊ ओळी आज उपलब्ध आहेत. चाल मात्र उरली नाही.

आपल्या महाराष्ट्रालाही हे अपरिचित नाही. नामदेव पांडुरंगासह स्वप्नात आले आणि त्यांनी कवित्व करण्याची आज्ञा दिली, असे संत तुकारामांनी आपल्या अभंगात सांगितले आहे. तेथेही स्वप्नाने तयार अभंग हाती ठेवला नाही. नामदेवांच्या संकल्पातील उरलेले काम सोपविले. पवित्र शास्त्रातील बाळ शमुवेलाचा प्रसंग वाचकांना स्मरत असेल. रात्री हाक ऐकू आली तेव्हा ती कोणाची हे त्याला कळले नाही. तो धावला वृद्ध एलीकडे. एलीची दृष्टी मंदावली होती, परंतु हाक कोणाची ते त्यानेच ओळखले. ऐकणारा एक आणि ओळखणारा दुसरा, अशी ही व्यवस्था आहे. समीक्षकाचे काम आम्हांला एलीच्या कामासारखे वाटते. हाक त्याला ऐकू येत नाही. तरी ज्याला ऐकू आली त्याच्याशी त्याने प्रामाणिकपणे बोलले पाहिजे.

आता आमची हकिगत. वडील गेले त्या वर्षी, पावसाळ्यातील एका पहाटे, त्यांच्या जुन्या व्हायोलिनवर कोणी तरी एक चाल वाजवीत आहे असे स्वप्न आम्हांला पडले. वाजविणाऱ्याचा चेहरा दिसला नाही. जागे होताच आम्ही ती गुणगुणत राहिलो, पोथी जपावी तशी जपली, आणि आठवडाभरात तीवर नाताळचे गीत रचले. गायकवृंदापुढे ते मांडताना आम्हीही तेच वाक्य हलक्या आवाजात उच्चारले. कोणी काही बोलले नाही. घरी मात्र आमच्या वृद्ध मावशीने दोन ओळी ऐकल्या आणि ती हसू लागली. म्हणाली, ‘अरे, हे तर लग्नघरी आम्ही बायका म्हणायचो ते गाणे. तुझा बाप दारात बसून त्याला साथ करायचा. तू तेव्हा मांडीवर होतास.’ मग तिने ते मूळ गाणे म्हणून दाखविले. आमच्या चालीतील दुसरी ओळ जेथे लंगडत होती, तेथे तिचे गाणे सरळ चालत होते.

आम्ही खट्टू झालो, हे लपवीत नाही. वडिलांनी पलीकडून काही धाडले, या कल्पनेवर आम्ही ते दिवस काढले होते. पण विचार करता वाटले, धाडले तर खरेच. फक्त त्या पहाटे नव्हे, चाळीस वर्षांपूर्वी, दारात बसून. आम्ही दुसरी ओळ मावशीने म्हटल्याप्रमाणे दुरुस्त केली आणि गीताखालचे चालीच्या जागी लिहिलेले आपले नाव खोडून ‘पारंपरिक’ असे लिहिले. त्या नाताळात ते गायिले गेले. लग्नातले गाणे ओळखून मागच्या बाकांवरील काही वृद्ध स्त्रियाही त्यात सामील झाल्या. ही गोष्ट आमच्या मूळ चालीने घडली नसती.

संत लूक यांच्या शुभवर्तमानात मेंढपाळांना देवदूतांचा समुदाय स्तुती करताना ऐकू आला. ते मेंढपाळ झोपलेले नव्हते. कळपाची राखण करीत जागे होते. तरीसुद्धा त्यांनी पुढे पोचविले ते केवळ शब्द. त्या रात्रीचे सूर कसे होते, हे शुभवर्तमानकाराने लिहिलेले नाही आणि म्हणूनच प्रत्येक पिढीला, प्रत्येक भाषेला त्या शब्दांसाठी आपले सूर शोधावे लागले. ते शोधताना कोणाला स्वप्नाचे साहाय्य झाले असेल, कोणाला लग्नघरच्या गाण्याचे. दोन्हींचे स्वागतच आहे.

परंतु यंदा सरावाच्या खोलीत कोणी ‘ही चाल मला स्वप्नात ऐकू आली’ असे म्हणाला, तर आपण गप्प बसू नये, एवढी आमची विनंती आहे. त्याची थट्टाही करू नये. शेजारी बसवून घ्यावे, पेटी पुढे ओढावी आणि म्हणावे, ‘गाऊन दाखव. आणि जेथे अडेल तेथून पुन्हा.’